तिसऱ्यांदा चुकलेली तारीख

स्क्रीनवर सदतीस टक्के झाले होते आणि आतल्या खोलीत मनोहर टिकार आपल्या बायकोला मारत होता.

आधी थपडेचा आवाज आला. मग काहीतरी लोखंडी खाली पडलं, बहुतेक स्टूल. मग पट्टा. पट्ट्याचा आवाज कोणी सांगावं लागत नाही, ओळखू येतो. बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसलेल्या म्हातारीने, मनोहरच्या आईने, रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. सवयीचं काम असावं तसं तिने ते केलं आणि रिमोट मांडीखाली ठेवला.

"कधीपासून करून राहिली तू हे? बोल! कोणी शिकवलं?"

कांचनचं उत्तर ऐकू आलं नाही. नुसता रडण्याचा आवाज येत होता, तोही तोंड दाबून रडल्यासारखा.

मी कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसून होते. अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका, असं समोर लिहिलेलं होतं. अडतीस टक्के. आत जे चाललं होतं ते माझ्या एका वाक्याने सुरू झालं होतं, आणि ते वाक्य मी मोठ्या ऐटीत बोलले होते.

ही खामगावची गोष्ट. नऊ वर्षं झाली. बसस्टँडच्या मागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, एका शटरचं. 'गवई कॉम्प्युटर्स'. मी, वैजयंती गवई, तेव्हा एकतीस वर्षांची होते. गावात दुरुस्ती करणारे आणखी तिघेचौघे होते, पण सगळे पुरुष. मनोहर टिकार दस्तलेखक होता. रजिस्ट्री ऑफिससमोर त्याचं टेबल होतं, पण खरेदीखतं, बक्षीसपत्रं टाइप करायचं काम तो घरच्या कॉम्प्युटरवर करायचा. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा म्हणाला होता, "घरात बाया असतात मॅडम, कोणी माणूस नको आत यायला. म्हणून तुमच्याकडे आलो." मला ते सभ्यपणाचं वाटलं होतं.

पहिल्या वेळी, फेब्रुवारीत, सिस्टीम ॲक्टिव्हेट होत नव्हती. स्क्रीनवर कोपऱ्यात फिकट अक्षरं येत होती, ही प्रत खरी नाही म्हणून. मी पाहिलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती, ती संपली की कॉम्प्युटर आपलं घड्याळ विसरतो. बॅटरी बदलली, तारीख नीट केली, दहा मिनिटांत सगळं सुरळीत. कांचन चहा घेऊन आली तेव्हा मी टिकारांना समजावून सांगत होते, "तारीख चुकली की ही सिस्टीम कोणावर विश्वासच ठेवत नाही. ॲक्टिव्हेशन होत नाही, अपडेट होत नाही. बाकी सगळं बरोबर असलं तरी."

तिच्या खालच्या ओठाला चीर होती, सुकत आलेली. टिकार पाकीट आणायला आत गेले तेव्हा मी हळूच विचारलं, "वहिनी, तोंडाला काय झालं?"

"कपाटाचं दार लागलं," ती म्हणाली आणि कप उचलून गेली.

मार्चमध्ये पुन्हा बोलावणं आलं. अपडेट अर्ध्यावर येऊन परत जात होतं. पुन्हा तारीख मागे. मला वाटलं आपणच खराब बॅटरी बसवली, शरमून मी नवी बसवून दिली. त्या वेळी टिकार माझ्या शेजारच्या खुर्चीतून एकदाही उठले नाहीत.

आणि एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा. तोच प्रकार. दुपारचा एक वाजला होता, कूलर घरघरत होता, आणि मी मनातून चिडले होते. एकाच दुखण्यासाठी तीनदा जावं लागणं म्हणजे माझ्या कामाची बदनामी. म्हणून या वेळी मी नुसती तारीख बदलून थांबले नाही. कॉम्प्युटर स्वतःची एक नोंदवही ठेवतो. कधी सुरू झाला, कधी बंद झाला, घड्याळ कधी आणि कसं बदललं. ती उघडून बसले.

टिकारांना कोणाचा तरी फोन आला. चहाचा कप हातात घेऊनच ते बोलत बोलत पोर्चमध्ये गेले. कांचन मागून आली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबला. "ताई," ती म्हणाली.

"एक मिनिट हं वहिनी," मी म्हणाले. नोंद नुकतीच सापडली होती. माझी नजर स्क्रीनवर होती. तिने हात काढून घेतला.

टिकार आत आले आणि मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "साहेब, बॅटरीचा दोष नाही. माझाही नाही. हे बघा, ही तारीख कोणीतरी हाताने बदललेली आहे. परवा सकाळी अकरा दहाला. मागच्या महिन्यातलंही तसंच, सकाळीच."

"अकरा दहाला मी ऑफिसात होतो," टिकार म्हणाले.

ते थोडे हसले. "आईला तर माउस धरता येत नाही." हातातला कप त्यांनी बशीत ठेवला, जपून, आवाज न करता. "तुम्ही अपडेट लावा मॅडम. मी आलो." कांचन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिला आतल्या खोलीत नेलं. दार लावून घेतलं.

तिचा चेहरा मी पाहिला. ती माझ्याकडे बघत नव्हती. एवढं मला आठवतं.

तर, अडतीस टक्के. मग चाळीस. मी उठले, हत्यारांची पिशवी भरली. आत त्याने तिला कशावर तरी आपटलं, भिंतीवरची फ्रेम हलली. "साहेब," मी हाक मारली. माझा आवाज मलाच परका वाटला. "साहेब, मी निघते."

मार थांबला. दार उघडून तो बाहेर आला. कपाळावर घाम, शर्ट विस्कटलेला, पट्टा मुठीला गुंडाळलेला. पोर्चच्या लोखंडी जाळीला त्या घरात दिवसाही कुलूप असायचं. किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात. त्याने कुलूप काढलं.

"होईल ना ते आपोआप?"

"हो. फक्त बंद करू नका."

"घरातलं आहे मॅडम. मनावर घेऊ नका."

मी बाहेर पडले. समोरच्या गच्चीवर एक बाई कुरडया उलटत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कुरडयांकडे. मी स्कूटी सुरू केली. गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथे थांबले, आणि वळवून परत आले.

जाळी नुसती लोटलेली होती, घाईत त्याने कुलूप लावलं नव्हतं. मी आत शिरले. टीव्ही तसाच मोठ्याने चालू होता. आणि आतून फक्त त्याचा आवाज येत होता. पट्टा, त्याचा श्वास, एखादी शिवी, पुन्हा पट्टा. तिचा काहीच आवाज नव्हता. मघाशी ती रडत होती. आता रडत नव्हती.

"साहेब!" मी ओरडले. "लवकर या! हे अडकलंय, तुमची सगळी खरेदीखतं जातील!"

तो धावत आला. पट्टा नव्हता हातात. बोटांच्या पेरांवर रक्त होतं, ते त्याने पँटला पुसलं. "काय झालं? आणि जाळी उघडी कशी?" तो आधी जाळीकडे गेला, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मग माझ्याजवळ आला.

"तुमच्या मोबाइलवर नंबर येईल. तो इथे टाकावा लागेल," मी म्हणाले. कुठलाच नंबर येणार नव्हता. तो मोबाइल हातात घेऊन उभा राहिला. एक मिनिट. दोन. मी उगाच कीबोर्डची बटणं दाबत राहिले. आतून काहीतरी सरपटल्यासारखा आवाज आला आणि मला बरं वाटलं. ती जिवंत होती.

"नाही येत नंबर."

"नेटवर्क नसेल. आलं, आलं, झालं आपोआप."

तो पुन्हा आत गेला. पुन्हा सुरू झालं. या वेळी लाथा असाव्यात, आवाज जड होता. मी तीसपर्यंत मोजलं आणि पुन्हा ओरडले. "साहेब, पासवर्ड मागतंय!" तो आला. पासवर्ड सांगितला. मी चुकीचा टाइप करत राहिले. "एकदा तुम्हीच टाका," म्हणाले. घाईत त्यालाही नीट जमेना. असं करत मी त्याला सात-आठ मिनिटं बाहेर धरून ठेवलं असेल. म्हातारी टीव्हीकडे तोंड करून बसली होती, पण पडद्यावर जाहिरात होती आणि तिचे डोळे मिटलेले होते.

तिसऱ्या वेळी मी काय सांगितलं ते आठवत नाही. तो आला, स्क्रीनसमोर वाकला. एकोणऐंशी टक्के. त्याच्या डोळ्यांदेखत ऐंशी झाले.

"हे तर चालू आहे," तो म्हणाला.

मी कीबोर्डवरून हात काढले.

"तू मला खेळवून राहिली का?"

थप्पड डाव्या कानावर बसली. कानात शिट्टी वाजायला लागली, ती पुढे महिनाभर वाजत होती. त्याने माझे केस धरले आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. मग दुसऱ्यांदा. समोरचे दोन दात तुटले. ते दुखले नाहीत, तोंडात खडे आल्यासारखं वाटलं. मी खुर्चीवरून खाली, टेबलाखाली, वायरींमध्ये पडले. त्याने बरगडीत लाथ घातली. "माझ्या घरात येऊन! माझ्या घरात!" प्रत्येक लाथेला तो तेवढंच बोलत होता.

"सोडा त्यांना."

कांचन दारात उभी होती. चौकट धरून. डावा डोळा सुजून पूर्ण मिटला होता आणि कानामागून रक्त गळ्यापर्यंत आलं होतं. "त्यांना काही माहीत नाही. तारीख मी बदलली. मी."

तो तिच्याकडे गेला. सावकाश गेला. दोन्ही हातांनी तिचा गळा धरला आणि चौकटीवर तिचं डोकं टेकवून दाबायला लागला. ती हातपाय झाडत नव्हती. एका उघड्या डोळ्याने त्याच्याकडे बघत होती.

माझ्या तोंडाजवळ यूपीएस होता. वीज गेल्यावर कॉम्प्युटर चालू राहावा म्हणून ठेवतात तो काळा डबा, पाच-सहा किलोचा, आत बॅटरी. मी तो दोन्ही हातांनी ओढला. वायरी ताणल्या, मग सुटल्या. स्क्रीन काळी झाली.

गंमत बघा, त्याने मागे वळून पाहिलं ते त्यासाठी. बायको त्याच्या हातात गुदमरत होती, आणि तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "बंद केलंस?"

मी यूपीएस त्याच्या गुडघ्यावर घातला. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तो ओरडून खाली पडला. कांचन चौकटीला घसरत बसली आणि खोकायला लागली. तो आडवा होता, गुडघा धरून तळमळत होता. उठू शकत नव्हता, हे मला दिसत होतं. मी यूपीएस पुन्हा उचलला आणि त्याच पायाच्या नडगीवर टाकला.

दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती. मी मारलं. तिसऱ्यांदाही उचलला होता, पण म्हातारी मध्ये आली. एवढा वेळ दगडासारखी बसलेली ती बाई धावत आली आणि पोरावर पालथी पडली. "नको माय! मरंल तो! नको!"

मी थांबले. माझ्या तोंडातून रक्त तिच्या पांढऱ्या केसांवर ठिबकत होतं. मनोहर आईच्या खालून हात लांब करून कांचनचा पाय धरायला बघत होता. तेव्हा म्हातारीने त्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि आमच्याकडे फरशीवर फेकली.

"जा," ती म्हणाली. "जाय कांचन. जाय इथून."

पोराला वाचवायला तिने ते केलं की सुनेला, ते मला आजही सांगता येत नाही.

बाहेर कडक ऊन होतं. आम्ही दोघी अनवाणी. गल्लीतल्या पाच-सहा घरांतली माणसं आता फाटकात उभी होती. कुरडयांची बाई गच्चीवरून खाली आली होती. तिने आपल्या पायातल्या चपला काढल्या आणि कांचनच्या पुढे ठेवल्या.  मी कांचनला स्कूटीवर मागे बसवलं, तिचे हात माझ्या पोटाभोवती घेतले आणि सरकारी दवाखान्यात नेलं.

तिच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. डाव्या डोळ्याने तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मनोहरच्या पायात सळई घातली. त्याच्यावर खटला झाला, शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली. त्याने माझ्यावरही केस केली होती, त्या दुसऱ्या फटक्यावरून. त्याच्या वकिलाने मला कोर्टात विचारलं, "माणूस खाली पडलेला असताना आपण पुन्हा मारलं?" मी "हो" म्हणाले. तीन वर्षांनी त्या केसमधून निर्दोष सुटले.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी कांचनशी बोलणं झालं. मी तिच्या खाटेशेजारी बसले होते. दातांमुळे माझं बोलणं बोबडं येत होतं.

"वहिनी, माझ्यामुळे झालं हे. मीच त्याला सांगितलं, हाताने बदललंय म्हणून."

"माहीत आहे. मी तिथंच तर होती."

"पण तुम्ही तारीख का बदलत होता?"

तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "तुम्ही याव्या म्हणून."

मला कळलं नाही.

"फोन त्यांच्याजवळ. जाळीला कुलूप. भाऊ दोनदा येऊन मलाच समजावून गेला. त्या घरात बाहेरचं कोणी येत नव्हतं. तुम्ही आल्या, आणि तोंडाला काय झालं विचारलं. चार वर्षांत दुसऱ्या कोणी नाही विचारलं ताई. तारीख चुकली की हे बिघडते, ते तुम्हीच सांगत होत्या. पासवर्ड टाकताना मी पाहिला होता. बिघडलं की तुम्हालाच बोलावतील, माणसाला नाही बोलावणार." ती थांबली, श्वास घेताना दुखत होतं. "मागच्या महिन्यात बोलता नाही आलं, ते उठलेच नाही. या वेळी बोलणार होती."

एक मिनिट हं वहिनी. ते माझे शब्द तिनेही काढले नाहीत, मीही नाही.

मग तिने माझा हात धरला. "तुम्ही गेल्या होत्या ना. स्कूटीचा आवाज ऐकला मी. मला वाटलं, झालं आता. पण तुम्ही परत आल्या."

मी मान हलवली.

पोलिसांना दिलेल्या जबाबात मी सांगितलं, तिला तशी सोडून जायला मन झालं नाही म्हणून परत फिरले. पेपरात दोन ओळी आल्या. महिला मंडळाने शाल-नारळ दिला, मी तो घेतला. खरी गोष्ट अशी होती की गल्लीच्या टोकाला मी खिसा चाचपला आणि माझा मोबाइल टिकारांच्या टेबलावर राहिल्याचं लक्षात आलं. मी मोबाइलसाठी परतले. पोलिसांना फोन करायला हवा होता म्हणून नव्हे. नवा होता, हरवायला नको, एवढंच डोक्यात होतं. दुकानात जाऊन, हात धुऊन, पुढचं काम घ्यायचं असं मी ठरवलं होतं. आत शिरून मी टेबलापर्यंत गेले, मोबाइलवर हातही ठेवला, आणि तेव्हा तिचा आवाज बंद झालेला मला ऐकू आला.

सहा वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही.

कांचन आता अमरावतीला असते. मुलींच्या वसतिगृहाची मेस सांभाळते, हाताखाली चौघी बाया आहेत. तीन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेले होते. दुपारी ती स्वयंपाकघरात बसून मेथी निवडत होती, उजव्या डोळ्याजवळ जुडी धरून. मीही समोर बसून निवडायला लागले. तिथल्या एका नव्या बाईला तिने सांगितलं, "या त्या ताई. निघून गेल्या होत्या, पण माझ्यासाठी परत आल्या."

ती बाई बाहेर गेल्यावर मी सगळं सांगितलं. स्कूटी, गल्लीचं टोक, खिसा, मोबाइल. सांगताना मी मेथीकडेच बघत होते.

तिचे हात चालूच होते. दोन-तीन काड्या निवडून झाल्या.

"मग घेतला होता का मोबाइल?" तिने विचारलं.

"नाही. तिथंच राहिला. पुढे पोलिसांनी आणून दिला."

"हं," ती म्हणाली. निवडलेली पानं तिने पातेल्यात टाकली आणि नवी जुडी माझ्यापुढे सरकवली. "जाड देठं नका घेऊ त्यातली. पोरी टाकून देतात."